आतिशदानातली देवी

लातूर, धुराड्याचा बंगला, गंज बाजाराच्या मागे
१४ मार्च १९८६, शुक्रवार

उमरीचे आमचे वडील मेहुणे लिंबाजीराव यांना लातूरहून नरसिंगाचा दोन्ही हात जोडून रामराम, आणि माहूरच्या आईचं तुमच्या उंबऱ्यावर सदा लक्ष असो.

तुमची तब्येत कशी आहे? पिठामुळे लागलेला खोकला उतरला का? गिरणीला दळण येतं का, की औंदा लोकांच्या घरात दळायलाच काही नाही? इकडे तशीच गत आहे. परवा कचेरीसमोरून देवणीची जनावरं छावणीकडे चालली होती. एवढी देखणी जात, पण बरगड्या अशा की लांबूनही मोजता याव्यात. वहिनींच्या गुडघ्याला निरगुडीचा शेक चालू ठेवावा. आमच्या विशाखाचं बाळ आता हसत असेल. धुरपताला तुमच्याकडे येऊन सहा आठवडे झाले, त्याबद्दल मी काही विचारत नाही. बहीण भावाकडे राहिली, यात नवऱ्यानं विचारण्यासारखं काय आहे? (जेवते का नीट? तिच्या उजव्या टाचेला भेग पडली होती, ती भरली का? माझ्याकडे आमसुलाचं तेल आणून ठेवलंय, ते सहा आठवड्यांपासून खिडकीत आहे.)

पत्र लिहायचं कारण एवढंच की झाल्या प्रकाराची तुमच्या कानावर एकच बाजू आली असणार, आणि ती बाजू बोलायला फार चांगली आहे. माझी बाजू कागदावरच बरी दिसते. म्हणून ती पहिल्यापासून सांगतो. गिरणीचा पट्टा उतरवून, निवांत वाचावी.

जिल्हा होऊन साडेतीन वर्षं झाली, तरी इकडे सगळे अजून ‘नवा जिल्हा’च म्हणतात, सुनेला दोन लेकरं झाली तरी तिला नवी सून म्हणतात तसं. जिल्हा झाला तेव्हा खुर्च्या आधी आल्या आणि छपरं मागून. आमची कचेरी तुरीच्या एका जुन्या गोदामात आहे. फाईल उघडली की डाळीचा वास येतो आणि आमच्या साहेबांना अकरा वाजताच भूक लागते. मी आवक-जावकला. माझी बदली झाली ती ऐन नवरात्राच्या तोंडावर, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा माझं माहूर चुकलं. नांदेडचं घर सोडलं, विशाखाच्या बाळंतपणासाठी धुरपता तुमच्याकडे आली, आणि मी ट्रंक घेऊन लातुरात खोली शोधत हिंडायला लागलो. पण त्या वेळी अख्ख्या जिल्ह्याचे कारकून खोलीच शोधत होते. शेवटी उदगीरचे चन्नबसप्पा भेटले. म्हणाले, आमचा एक बंगला पडून आहे, खालच्या पुढच्या दोन खोल्या वापरा, फक्त तिथलं काही हलवू नका.

हा बंगला रस्त्यातून पाहिला तर वाटतं, कुणीतरी दुसऱ्या गावाचं घर चुकून इथे उतरवलंय आणि परत न्यायला यायचं विसरलंय. एका अंगाला टायरचं दुकान, दुसऱ्या अंगाला नव्या कॉलनीची तीन मजली भिंत, आणि मधे हा. छप्पर इतकं उभं की त्यावर बसलेली चिमणी घसरावी. कोपऱ्यावर एक गोल मनोरा, त्याला पत्र्याची टोकदार टोपी, टोपीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा. रस्त्याकडच्या भिंतीला सातव्या महिन्यासारखा फुगवटा, त्या फुगवट्यात तीन खिडक्या, आणि खिडक्यांना लाल, निळ्या, हिरव्या काचा. दारावरच्या दगडात १८९६ कोरलेलं आहे. निजामाच्या मुलखात कापूस घ्यायला आलेल्या कुण्या गोऱ्या साहेबानं तो बांधला. विलायतेच्या राणीच्या काळात तिकडे अशी घरं बांधायची चाल होती म्हणे. साग किनवटच्या जंगलातला, विटा इथल्या, आणि नकाशा टपालानं आलेला. त्यामुळे बर्फ घसरून पडावा म्हणून केलेल्या छपरावरून गेली नव्वद वर्षं लातूरचं ऊन घसरतंय. रविवारी दुपारी मी त्या फुगवट्यात सतरंजी टाकून बसतो. काचांचे रंग फरशीवर उतरतात आणि दिवस कलेल तसे हळूहळू सरकतात. लाल आधी माझ्या पायांवर येतो, मग गुडघ्यावर, मग हातातल्या पोथीवर. पोथीतली ओळ निळी झाली की मला कळतं चार वाजले. अशा वेळी दुष्काळ, बदली, आवक-जावक सगळं लांब, दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात चाललंय असं वाटतं. (हे रंग मी तिला बोट करून दाखवत होतो तेव्हा तिच्या डोक्यावर भरलेली घागर होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आता रोज येतं.)

तर घटस्थापनेच्या दिवशी संध्याकाळी मी त्या घरात पाऊल टाकलं. मनात एकच, आज गडावर माळ चढली असेल आणि आपण इथे. दिवेलागणीची वेळ, खोलीत अर्धा अंधार. समोरच्या भिंतीत मला एक देवळी दिसली. साधी देवळी नाही. माणूस वाकून आत जाईल एवढी, काळ्या घोटीव दगडाची, दोन्हीकडे खांब, वर फळीसारखा कठडा. आणि त्या कठड्याच्या बरोबर मधोमध, लिंबाजीराव, एक मुखवटा. नुसतं मुख. धड नाही, हात नाहीत. रुंद कपाळ, मोठे डोळे, काजळी धरलेले गाल. शेजारी भिंतीवर एक जुना रेशमी गोंड्याचा दोर लोंबत होता, घंटेचा असतो तसा. आता तुम्हीच सांगा, वीस वर्षं माहूरगड चढलेल्या माणसानं काय समजायचं? आपली आई तिथे नुसत्या मुखानंच बसलेली आहे. मी चपला बाहेर काढल्या आणि खाली बसून घळाघळा रडलो. म्हटलं, मी आलो नाही म्हणून तू आलीस.

दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ केली, कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि दोर ओढला. घंटा वाजली नाही. म्हणजे इथे वाजली नाही. लांब कुठेतरी, जमिनीखाली वाजावी तशी बारीक किणकिण झाली. मी समजलो, जुन्या स्थानाची घंटा अशीच असणार, आपल्यासाठी नाही, तिच्यासाठी वाजते. पाचेक मिनिटांत दार लोटून लक्ष्मम्मा आत आली. ही बंगल्याची राखणदारीण, मूळची देगलूरकडची, सत्तरीच्या पुढची, मागच्या बावर्चीखान्यात एकटी राहते. हातात कपबशी, बशीत सांडलेला चहा. टेबलावर आदळला आणि गेली. मला वाटलं, पूजेनंतर चहा हा इथला रिवाज. खरी गोष्ट अशी की तो दोर म्हणजे साहेबानं नोकराला बोलवायची तार. इकडे ओढली की तिकडे बावर्चीखान्यात घंटी वाजते. लक्ष्मम्माच्या आईनं तिला लहानपणी शिकवलं होतं, ही घंटी वाजली की चहा न्यायचा. साठ वर्षांनी ती घंटी वाजली आणि म्हातारी उठून चहा करायला लागली. तिला वाटायचं, कोण हा कारकून, साहेबासारखी घंटी मारतो. मला वाटायचं, केवढी ही माउली. साडेतीन महिने आम्ही दोघं एकमेकांचा रिवाज पाळत होतो. एकदा आरतीच्या नादात मी तीनदा दोर ओढला, तर तीन कप आले.

धुपाचंही तसंच. धूप लावला की धूर खोलीत क्षणभर थांबायचा नाही. देवळीत शिरून सरळ वर ओढला जायचा. मी म्हणायचो, आई लगेच घेते. पण तो धूर बाहेर धुराड्यातून निघत होता, आणि साठ वर्षांत त्या धुराड्यातून धूर निघालेला कुणी पाहिला नव्हता. एक दिवस मागच्या गल्लीतली पारूबाई धावत आली. ही रोजगार हमीच्या कामावर खडी फोडते, आवाजही खडीसारखाच. “ओ बाबू, छपराला आग लागली का? काय जाळून राहिलाव?” मी म्हटलं, धूप आहे. ती वाकून आत बघते तर समोर मुखवटा, कपाळभर कुंकू. “आग माय! ही इथं कवा आली?” झालं. मंगळवारी पाच बाया आल्या, शुक्रवारी अकरा. मागणं सगळ्यांचं एकच, पाणी. एका शुक्रवारी बाया हात जोडून बसलेल्या असताना रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला. तो टँकर गुरुवारचा होता, एक दिवस उशिरा आला होता. पण त्या दिवसापासून स्थान जागृत ठरलं.

आता तुमचा भाग. राग मानू नये. धुरपताला अक्षर येत नाही, म्हणून मी पत्रं तुमच्या नावानं लिहायचो आणि तुम्ही ती तिला वाचून दाखवायचात. मी लिहिलं होतं: घर जुनं आहे, खिडक्यांना रंगीत काचा आहेत, पहाटे घंटा वाजवली की चहा येतो, आणि माहूरची आई घरातच आहे. चारही वाक्यं माझ्या समजुतीप्रमाणे खरी. पण ती तुम्ही वाचलीत. गावच्या नाटकात तुम्ही पंधरा वर्षं राजा झालात, आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवायची सवय वेगळी. तुमच्या तोंडून माझी साधी वाक्यं झालर लावून बाहेर पडतात. विशाखानं मला नंतर सांगितलं की ‘रंगीत काचा’ वाचताना तुम्ही उभे राहिलात आणि हात पसरलेत. गल्लीतल्या बाया धुरपताला ‘बंगलेवाली’ म्हणायला लागल्या. (मला तिला राणी करायचं नव्हतं. एकटं जेवण गळ्याखाली उतरत नव्हतं, म्हणून ती यावी असं लिहीत गेलो. सरळ ‘ये’ असं लिहायला लाज वाटली, म्हणून काचांबद्दल लिहिलं.)

संक्रांत झाली आणि ती आली. स्टँडवर उतरली ती नवं इरकल लुगडं नेसून. घर पाहिलं. छपराकडे पाहताना डोक्यावरचा पदर सावरला, मोठ्या माणसासमोर सावरावा तसा. आत आली आणि देवळीसमोर थबकली. मग ट्रंक उघडून, तुमच्या आईनं मरताना दिलेला तो हिरवा खण काढला आणि नारळ, तांदूळ घालून ओटी भरली. मी म्हटलं, तो खण कशाला, दुसरा आणू. म्हणाली, “दुसऱ्या कुणासाठी ठेवला होता का मी?” त्या क्षणी मला माझ्या बदलीबद्दल सरकारचे आभार मानावेसे वाटले.

पुढचे आठ दिवस असे गेले. टँकर चौथ्या दिवशी यायचा; मधले दिवस दोन फर्लांगांवरच्या हापशावर रांग लावायची. मी कचेरीत. ती एकटी पाणी आणायची आणि ओसरीच्या पाच पायऱ्या चढायची. त्या पायऱ्या साहेबाला घोड्यावर बसायला सोयीच्या म्हणून गुडघाभर उंच केल्या आहेत. मी संध्याकाळी आलो की तिला घराबद्दल सांगायचो: हा साग किनवटचा, ही नक्षी पाहा, ही काच मावळतीला जांभळी होते. ती हूं म्हणायची. एकदा म्हणाली, “काच जांभळी होती, पर घागर काई हलकी होत न्हाई.” मला तेव्हा ते वाक्य छान वाटलं. मी हसलो. (हसायला नको होतं. तिला ते वाक्य सुचलं नव्हतं, लागलं होतं.)

नवव्या दिवशी पहाटे ती दूध तापवायला बावर्चीखान्यात गेली होती. इकडे मी पूजा आटोपून दोर ओढला. तिकडे तिच्या डोक्यावर भिंतीत घंटी वाजली, आणि लक्ष्मम्मा कपाळावर हात मारून उठली: “अय्यो देवुडा, उठला तुझा साहेब. घे अम्मा, आज तूच ने त्याला चहा.” धुरपता म्हणाली, ही तर पूजेची घंटा हाय. “कसली पूजा?” धुरपतानं सांगितलं. म्हातारी हसली ती चुलीपुढे खाली बसली. मग डोळे पुसत तिनं सांगितलं की ती देवळी न्हाई, आतिशदान हाय, थंडीत साहेब तिथं लाकडं जाळून पाय शेकायचा. आणि ते तोंड कुण्या देवीचं न्हाई, साहेबाच्या मडमचं हाय.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी दोर सोडून मुखवट्याच्या कपाळावर कुंकवाचं दुसरं बोट टेकत होतो. दारात सावली पडली. हातात चहा होता, पण चहा देण्याची चिन्हं नव्हती.

“किती दिस झाले लावून राहिलाव?”

“घटस्थापनेपासून.”

“रोज?”

मी म्हटलं, रोज. मला वाटलं, नेमाचं कौतुक होतंय.

“मला लग्नात एकदा लावलंत. हिला रोज!” मग तिनं सगळं सांगितलं आणि कप देवळीच्या कठड्यावर ठेवला, बरोबर मडमच्या हनुवटीखाली. “घ्या मडम, चहा घ्या. पाणी भरायला मी, अन् कुंकवाला तुमी. माझ्या आईचा खण बी तुमालाच.” आणि दहाच्या गाडीनं ती उमरीला निघून गेली. बाळाची आठवण येते असं शेजारी सांगून गेली, हा तिचा मोठेपणा. (स्टँडपर्यंत मी ट्रंक घेऊन मागे चालत होतो. वाटेत ती एकदा थांबली, मला वाटलं वळेल. चपलेतला खडा काढला आणि पुढे गेली. तो खडा मी उचलून घेतला, कशाला ते माहीत नाही.)

त्यानंतर दोन दिवस मी त्या खोलीत गेलो नाही. तिसऱ्या दिवशी प्यायच्या पाण्यातलं अर्धं फुलपात्र घेऊन, फडक्यानं मुखवटा पुसला. कुंकू गेलं, काजळी गेली, आणि खालचं खरं तोंड निघालं. लांब नाक, आवळलेले ओठ. लिंबाजीराव, त्या चेहऱ्यावर कंटाळा आहे. साडेतीन महिने मी त्याला करुणा समजत होतो. मग मनात आलं, रोज पहाटे जे हात जोडले ते गेले कुठे? चुकीच्या पत्त्यावर टाकलेलं टपाल परत तरी येतं, मी रोज तेच काम करतो. यातलं काहीच परत आलं नाही. तेव्हा पोचायचं तिथे पोचलं असेल असं समजतो. पारूबाईनं तर विचारही केला नाही. मी घाबरत घाबरत बायांना खरं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मडम हाय तर हाय. चार महिने आमचं ऐकून घेतलं ना तिनं? तुमच्या कचेरीत कुणी ऐकतंय का?” बाया अजून मंगळवार-शुक्रवार येतात. आजही येऊन गेल्या. मी मात्र बाहेर ओसरीवर बसतो.

लक्ष्मम्मानं मला मग बाकीची गोष्ट सांगितली. तिच्या आईकडून तिच्याकडे आलेली. मडम इथे एकच हिवाळा राहिली. ऊन चढलं तसं तिला हे गाव सोसेना. जाताना म्हणाली, आमच्याकडे संध्याकाळी घरात आग असते, तिच्याभोवती बसून बोलतात. इथे ते नाही. ती गेल्यावर साहेबानं हे आतिशदान बांधलं. फोटोवरून हैदराबादच्या पाथरवटाकडून तिचं तोंड करून घेतलं आणि बसवलं. तसं पत्र लिहिलं. ती आली नाही. तो दर संध्याकाळी आग पेटवायचा. चैत्रात, वैशाखात, इथल्या उन्हाळ्यात. घामानं निथळत त्या आगीसमोर बसायचा, आणि मग घंटी मारून चहा मागवायचा. दोन कप. लक्ष्मम्माच्या आईनं एकदा धीर करून विचारलं, साहेब, दुसरा कुणाला? तो म्हणाला, पत्र पोचायला वेळ लागतो. अशी कितीतरी वर्षं गेली. मग लक्ष्मम्मा दहा-बारा वर्षांची असताना एक दिवस तो सामान न घेता स्टेशनावर गेला आणि परत आलाच नाही. आग मात्र तिसऱ्या दिवसापर्यंत धुमसत होती म्हणे.

हे ऐकलं त्या रविवारी मी रंगांत बसलो, पण पोथी उघडली नाही. लाल पायांवर आला, गुडघ्यावर आला. समोर ती मडम, इकडे मी, आणि मधे नव्वद वर्षांची दुपार. मला वाटलं, थोडा वेळ बसलो तर मागून कुणीतरी दोन कप आणून ठेवील. साहेबाला मी मनात म्हटलं, बाबा, तुझी आग चांगली होती, दगड चांगला होता, सगळं चांगलं होतं. पण ती आगीसाठी गेली नव्हती रे, उन्हासाठी गेली होती. (धुरपताही मडमसाठी गेली नाही, कुंकवासाठीही गेली नाही. पाण्यासाठी गेली. भांडायला मडम सोपी होती, म्हणून तिनं ती घेतली. आणि मला लाजायला मडम सोपी होती, म्हणून मीही तीच धरून बसलो. नऊ दिवसांत मी एकही घागर उचलली नाही. हे मी आतापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.)

गेल्या सोमवारी आणखी एक फजिती झाली, तीही ऐकून ठेवा. तो पत्र्याचा कोंबडा गेली दोन वर्षं पश्चिमेकडे तोंड करून गंजून बसला होता, पावसाची वाट पाहत. मला वाटलं, याला तेल द्यावं. मनोऱ्याच्या जिन्यानं वर गेलो, खिडकीतून बाहेर पडलो, टोपीला मिठी मारून तेल घातलं, आणि मग कळलं की चढता येतं, उतरता येत नाही. खाली टायरवाला, पारूबाई, रस्त्यावरची निम्मी माणसं. पारूबाई ओरडली, “बाबू, पाऊस दिसून राहिला का?” मी म्हटलं, नाही. “मग उतरा की!” शेवटी लक्ष्मम्मानं घंटेचा दोर सोडवून खिडकीतून फेकला, त्याला धरून मी आत आलो. तेव्हापासून चहा बंद आहे. (कोंबड्याचं तोंड मी हातानं फिरवलं. उमरी इथून ईशान्येला पडते, नकाशात पाहिलं. तेल देऊनही तो तिथेच अडकलाय आणि वारा कुठूनही आला तरी हलत नाही.)

तर सगळा विचार करून मी हा बंगला सोडायचं ठरवलं आहे. मजूर कॉलनीत एक खोली पाहिली. वर पत्रा, एकच खिडकी, काच पांढरी आणि तीही तडकलेली. भिंती सरळ आहेत, कुठे पोट नाही, कुठे मनोरा नाही. पण अंगणात नळ आहे आणि त्याला एक दिवसाआड खरोखर पाणी येतं. मी तीन वेळा जाऊन, नळाखाली हात धरून खात्री केली. देव्हाऱ्यासाठी कोनाडा आहे, तो रिकामा आहे. यापुढे मुखवटा मी निवडणार नाही. धुरपताच्या मनात येईल तेव्हा यावं, न आलं तरी माझी काही तक्रार नाही. मी भाकरी थापायला शिकलो आहे. (गोल होत नाही. काल जी झाली ती तुमच्या तालुक्याच्या नकाशासारखी झाली.)

वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोकं, लेकराच्या गालाला हात, आणि आपल्या लोभाला तडा न जावो एवढीच आईकडे मागणी.

आपला,
नरसिंग

ताजा कलम: वर मी ‘बंगला सोडायचं ठरवलं आहे’ असं लिहिलं, ते वाचताना फार मोठं वाटलं, म्हणून खरं सांगतो. चन्नबसप्पांनी बंगला एका नव्या कचेरीला दिला आहे. मला पाडव्याच्या आत खोल्या मोकळ्या करायला सांगितलं, त्याला पंधरा दिवस झाले. त्या कचेरीचा माणूस परवा पाहणीला आला होता. आतिशदानाकडे बोट करून म्हणाला, हे काय? मी म्हटलं, फायली ठेवायची देवळी. त्यानं तसं लिहून घेतलं.

ता. क. दुसरा: हे पत्र नेहमीप्रमाणे धुरपता भाकरी करत असेल तेव्हा, चुलीपासून ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचावं. कंसातला मजकूर मात्र वाचू नये. तो तुमच्यापुरता आहे.

ता. क. तिसरा: पाकीट चिकटवायच्या आधी पत्र पुन्हा वाचलं. कंसाच्या बाहेर जे आहे ते सगळं घराबद्दल आहे, आणि घर तिनं पाहिलेलं आहे. तेव्हा उलटं करा. कंसातलं तेवढंच वाचा, बाकीचं सोडून द्या. आईचा खण मी काढून, उन्हात घालून, घडी करून ट्रंकेत ठेवला आहे. त्याला काजळी लागलेली नाही, हेही सांगा. एकादशीपासून पाडव्यापर्यंत मी रोज नांदेडच्या गाडीला स्टँडवर उभा राहीन. नळाचं पाणी भरून ठेवून मगच येईन.

आणि लिंबाजीराव, एवढी एकदाच मेहेरबानी करा. उभे राहू नका, हात पसरू नका. बसून, साध्या आवाजात वाचा.